साठच्या गतीचं डिक्टेशन

स्टेनोंच्या डोक्यात शब्द नसतात, नुसत्या रेघा असतात, असं त्यांची बायको लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बहिणीला सांगून मोकळी झाली होती. त्याचं झालं असं, की ती काही सांगायला बसली की नवरा तोंडाने "हं, हं" करायचा आणि त्याच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर चालू असायचं. आडवं, तिरकं, वळसा घेऊन, मध्येच एक ठिपका. आधी तिला वाटलं माणसाला चाळा आहे. मग वाटलं, आपल्या बोलण्याला कंटाळलाय. शेवटी न राहवून विचारलं तेव्हा कळलं, की नवरा तिचं बोलणं लिहून घेत होता. कोर्टात दिवसभर जज्जसाहेब बोलणार आणि हे ते लघुलिपीत उतरवणार. मग घरी आल्यावर बोट तरी गप्प कसं बसेल?

कोर्टात, इमारतीत, आणि संध्याकाळी ज्या टायपिंगच्या क्लासात ते शिकवायला जात तिथेही, सगळे त्यांना स्टेनोच म्हणत. बायकोला सगळे बाई म्हणत. बाई पुढच्या खोलीत मशीन टाकून कपडे दुरुस्त करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर, चेन बदल, बटण लाव. तिचं तोंड मशीनबरोबर चालायचं आणि नवऱ्याचं कामच मुळी तोंड बंद ठेवण्याचं. देवाने जोडी जमवताना एकाच्या वाटचं बोलणं दुसऱ्याला देऊन टाकलं, असं ती गिऱ्हाइकांना सांगे. गिऱ्हाइकं हसत आणि दोन मिनिटं जास्त बसत.

एकदाच स्टेनोंनी तिला आपली विद्या समजावून सांगितली होती. तिने विचारलं होतं, की तुमचे जज्ज बदलतात, एकाचा आवाज घोगरा, दुसरा नाकात बोलतो, तिसऱ्याच्या तोंडात दात नाहीत, मग तुमची रेघ तीच कशी राहते? स्टेनोंनी तिचा बटणांचा कप्प्याकप्प्यांचा डबा पुढे ओढला. या कप्प्यात काय, तर पांढरी. सगळी सारखी पांढरी आहेत का? नव्हती. काही दुधाळ, काही पिवळट, एक तर चक्क राखाडीकडे झुकलेलं. मग एकाच कप्प्यात का टाकलीस? शर्टाला लावली की सगळी पांढरीच दिसतात म्हणून, ती म्हणाली. तर 'प'चंही तसंच, स्टेनो म्हणाले. दहा माणसं दहा तऱ्हेचा 'प' काढतात, एकच माणूस दोनदा सारखा काढत नाही. पण आपल्या डोक्यात एक कप्पा असतो, ते सगळे 'प' त्यातच पडतात. शेजारी 'ब'चा कप्पा. आवाज त्या दोघांच्या मध्ये कुठेही रेंगाळू दे, डोकं त्याला मध्ये राहू देत नाही. इकडे नाहीतर तिकडे ढकलतं. म्हणून लघुलिपीत 'प'ला बारीक रेघ आणि 'ब'ला तीच रेघ, फक्त दाबून काढलेली. डोक्यात जी मांडणी आहे तीच कागदावर, बाकी जादू काही नाही. एवढं लांबलचक ते त्यानंतर कधी बोलले नाहीत. बाईला त्यातलं निम्मं कळलं, पण नवरा आपल्या डब्यात हात घालून बोलतोय याचंच तिला कोण कौतुक वाटलं.

लेक झाली, मोठी झाली, लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. स्टेनोंना पक्षाघाताचा एक हलका झटका येऊन गेला, तो त्यांनी ऊन लागलं म्हणून अंगावर काढला. दुसरा मात्र कोर्टातच आला, निकाल लिहून घेताना. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा लोक म्हणाले, नशीब थोर. हात चालतोय, पाय चालतोय, तोंड वाकडं नाही, बोलणं खणखणीत. बाईनेही सुटकेचा श्वास सोडला आणि जेवायला काय करू म्हणून विचारलं.

स्टेनो म्हणाले, "काय? नीट बोल."

तिने पुन्हा विचारलं. मग मोठ्याने विचारलं. मग इतक्या मोठ्याने, की वरच्या मजल्यावरची म्हातारी जिना उतरून खाली आली. बाईला वाटलं, बहिरे झाले. पण तेवढ्यात स्वयंपाकघरात चमचा पडला आणि स्टेनोंनी लगेच मान वळवली. बाईचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. इतका वेळ ती बोलत होती आणि बोट मांडीवर मेल्यासारखं पडलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी स्टेनोंच्या पाठीमागे उभं राहून किल्ल्या वाजवल्या. किल्ल्या, स्टेनो म्हणाले. टाळी, शीळ, खोकला, नळाचं पाणी, सगळं बरोबर. मग डॉक्टरांनी बाईला बोलायला सांगितलं आणि कागदावर लिहून विचारलं, आवाज कुणाचा?

"बायकोचा. घाबरलीय."

काय म्हणाली?

"ते नाही कळत," स्टेनो म्हणाले. "पलीकडच्या खोलीत परक्या मुलखातली माणसं बोलतात ना, तसं येतं. सूर कळतो. पुढे काही नाही."

डॉक्टरांनी बाईला बाहेर नेऊन सांगितलं, की कान ठणठणीत आहेत. वाचता येतं, लिहिता येतं, बोलता येतं. कानात आलेला आवाज सुटा करून ज्या त्या जागी टाकणारा मेंदूचा भाग तेवढा गेला आहे, दोन्ही बाजूंचा. बाईला तो डबा आठवला आणि तिने विचारलं, म्हणजे कप्पे मोडले का? डॉक्टर म्हणाले, तसंच म्हणा. जगात माणसाला दुसरं काही होण्यासारखं कमी होतं का, की नेमकं कानावर पोट असलेल्यालाच हे व्हावं! पण दैवाला कुणी जाब विचारायचा?

लेक चार दिवसांसाठी आली आणि एक पाटी आणून देऊन गेली. जे सांगायचं ते पाटीवर लिहायचं. बाईचं शिक्षण बेताचं, हात शिवणाला वळलेला, लिहिण्याला नाही. त्यामुळे पाटीवर जेवढं अडलंय तेवढंच यायला लागलं. जेवा. गोळी. लेकीचा फोन. पाऊस आहे, छत्री. ज्या गोष्टींवाचून अडत नाही त्या राहून गेल्या, आणि संसारात बोलण्यासारख्या गोष्टी बहुतेक त्याच असतात. एक जाडजूड गिऱ्हाईक कोट घेऊन आलं होतं आणि शपथेवर सांगत होतं की पोट वाढलं नाही, कोटच आटला. आधीचे दिवस असते तर बाईने ती गोष्ट नक्कल करून सांगितली असती आणि स्टेनोंच्या ओठाची एक कड हलली असती. तिने ती पाटीवर लिहायला घेतली. लिहून होईपर्यंत तिचंच हसू आटलं. स्टेनोंनी वाचलं, मान डोलावली आणि पाटी पुसून परत दिली.

दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक तरुण मॅडम होती. आठवड्यातून एकदा तिच्याकडे जावं लागे. तिने बाईला सगळं नीट सांगितलं. तान्ह्या मुलाला जगातल्या साऱ्या भाषांचे बारीकसारीक फरक कळतात. वर्षभरात ते घरच्यांच्या बोलण्याला लागतात तेवढे ठेवतं आणि बाकीचे सोडून देतं. त्या वयात डोक्यात जी घडी बसते ती बसते. साठीला आलेल्या माणसाची विस्कटली तर पुन्हा तशी बसणं अवघड. एकच वाट आहे, बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचं. ओठ बघून थोडंफार कळायला लागतं. पण जन्म स्टेनोगिरीत गेलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

"खाली मान, वर कान," स्टेनो म्हणाले. "तोंडाकडे बघून लिहितो त्याला स्टेनो म्हणत नाहीत."

मॅडम ओठ हलवायची आणि हे तिच्या टेबलाच्या पायाकडे बघत बसायचे. तिसऱ्या खेपेनंतर ते गेलेच नाहीत. त्यांनी आपला इलाज आपणच काढला. क्लासात येणारी पोरं पहिल्या दिवशी कुठे काय लिहीत होती? रोज घासून घासूनच त्यांचा कान तयार झाला. आधी मिनिटाला साठ शब्दांची गती, मग ऐंशी, मग शंभर. आपलाही कान तसाच तयार होईल. त्यांनी क्लासात वापरायचं जुनं पुस्तक काढलं, टोकदार पेन्सिली ओळीने मांडल्या आणि पहिला धडा उघडून बायकोपुढे ठेवला. एका व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला लिहिलेलं पत्र होतं. माल पाठवल्याचं.

रोज दुपारी मशीन बंद करून बाई वाचायला बसू लागली. महोदय, स्वल्पविराम, आपल्या मागणीनुसार पाठविलेला माल. स्टेनो मान खाली घालून पेन्सिल कागदाला टेकवून बसत. पेन्सिल हलत नसे. कधी एखादी रेघ निघे, ती कशाचीच नसे. बाईचा घसा सुके, पण ती वाचायची थांबली नाही. पहिला धडा पक्का झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही हा क्लासातला नियम होता. त्यामुळे रोज तोच माल आणि तेच महोदय.

आणि एके दिवशी पेन्सिल चालली. अर्धं पत्र झाल्यावर चालली आणि शेवटपर्यंत थांबली नाही. स्टेनोंनी कागद उचलला, चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं. शब्द ना शब्द बरोबर. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या 'महोदय'पासून सगळंच उतरवलं. बाई मशीनवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मग लेकीला फोन केला, वरच्या म्हातारीला सांगितलं, कपडे न्यायला आलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. त्या संध्याकाळी स्टेनोंनी पाटी उचलून कपाटाच्या वर, मागच्या बाजूला सरकवून ठेवली.

"आता लिहायचं नाही," ते म्हणाले. "बोलायचं. कानाला सवय राहिली पाहिजे."

बाईला आनंद झाला खरा, पण घरातला कारभार अवघड होऊन बसला. ती सांगे वरण खाली लागलंय, गॅस बंद करा. ते "हं" म्हणत आणि बसून राहत. मग हसून म्हणत, घरचं बोलणं धावतं असतं, ते शंभरच्या गतीचं झालं. आपण अजून साठवर आहोत. ते बाईलाही पटलं. माणसाला जे हवं असतं ते पटायला वेळ लागत नाही.

कोर्टात त्यांची रजा संपत आली होती. कचेरीतून निरोप आला होता, की प्रकृतीच्या कारणावरून निवृत्ती घ्या, नाहीतर येऊन परीक्षा द्या. स्टेनोंनी कळवून टाकलं, सोमवारी परीक्षेला येतो.

बाई मॅडमला ही बातमी द्यायला मुद्दाम दवाखान्यात गेली. थोडा तोराही होता तिच्या चालण्यात. मॅडमने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, रोज तेच पत्र वाचता का? हो. ते पत्र त्यांनी आधी कधी लिहिलं होतं का? बाई म्हणाली, लिहिलं कसलं, क्लासात दर वर्षी नव्या पोरांना तेच तर सांगायचे. मॅडम म्हणाली, उद्या वाचताना मधलं एक वाक्य बदलून बघा. बाईला राग आला. आपल्याकडे न येता माणूस सुधारला म्हणून हिच्या पोटात दुखतंय, असं मनात म्हणत ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी, नको नको म्हणत, तिने वाक्य बदललं. "माल उतरवून घेताना काही मोडतोड झाल्याचे आढळल्यास" या जागी तिने त्याच संथ आवाजात म्हटलं, "खालच्या मजल्यावरच्या पोराला शाळेतून आज लवकर घरी सोडलं." पेन्सिल थांबली नाही. स्टेनोंनी वाचून दाखवलं, माल उतरवून घेताना काही मोडतोड झाल्याचे आढळल्यास. बाईने पुन्हा करून बघितलं. या वेळी 'महोदय'नंतर नुसते आकडे म्हणत गेली, तेच विराम घेत, तोच सूर ठेवत. पत्र तस्संच उतरलं, स्वल्पविरामासकट. त्या पत्राची चाल त्यांच्या हाडात भिनली होती. बाई बोलायला लागली की हात ती चाल धरून चालू लागे. कानाचा त्यात काही संबंध नव्हता.

आता हे त्यांना सांगणं भाग होतं. नाही सांगितलं तर सोमवारी भर कचेरीत दुसरंच काहीतरी वाचलं जाणार आणि हा माणूस चष्मा पुसून महोदय, आपल्या मागणीनुसार, असं वाचून दाखवणार. ज्या खोलीत त्यांचा कागद कुणी तपासून बघत नसे, त्या खोलीत. बाई स्टुलावर चढून पाटी काढायला गेली तर स्टेनोंनी ती हातातून काढून घेतली आणि परत वर ठेवली. तिने चिठ्ठी पुढे केली, ती त्यांनी न उघडता खिशात घातली. परीक्षेला बसणाऱ्याला कुणी चिठ्ठी देतं का, म्हणून वर थट्टा केली. लेकीला तिने फोनवर सांगितलं, की तू काहीतरी कर. लेक म्हणाली, मी येईपर्यंत सोमवार उलटून जाईल. तूच सांग आई, तुझं ते ऐकतात.

खरं बोलायचं तर, बाईने मनात आणलं असतं तर पाटीने काही अडलं नसतं. भिंतीवर लिहिता आलं असतं. त्या खिशातल्या चिठ्ठीतही तिने "सोमवारी जाऊ नका" एवढंच लिहिलं होतं. तुम्हाला काही कळत नाही, हे वाक्य अक्षरांत मांडून त्या माणसाच्या डोळ्यांपुढे धरायचं, त्याने ते वाचायचं आणि वाचून झाल्यावर वर बघायचं. तेवढं तिच्याने होईना.

रविवारी दुपारी स्टेनो उद्याची तयारी म्हणून नवी पेन्सिल घेऊन बसले. बाई समोर बसली, पुस्तक मांडीवर घेतलं. आवाज अगदी सपाट ठेवायचा हे तिने ठरवलं होतं. कापला तर त्यांना सूर कळतो.

"महोदय," ती म्हणाली. पेन्सिल चालू लागली. "अहो, तुम्हाला काही कळत नाही. हे पत्र तुम्हाला पाठ आहे, तेवढंच येतं. मॅडम म्हणाल्या होत्या, डोक्यातली घडी पुन्हा बसणं अवघड." इथे तिने पत्रात असतो तेवढा थांबा घेतला. "उद्या तिथे सगळे बघतील. मी तुम्हाला अडवायला हवं. माझ्याने अडवत नाही." पेन्सिलीने एक सुरेख वळसा घेतला. "तुम्ही गप्प असायचात तेव्हा मला एकटं वाटायचं नाही. आता वाटतं. दिवसभर बोलते मी, कुणाशी बोलते? मला भीती वाटते हो."

शेवटच्या शब्दाला आवाज फुटलाच. स्टेनोंनी लगेच मान वर केली.

"दमलीस का? पूर्णविरामाला आवाज खाली आणायचा, वर नाही न्यायचा. असू दे, मला कळलं."

त्यांनी कागद समोर धरला आणि वाचून दाखवलं. माल सुस्थितीत पोहोचला असेल, अशी आशा आहे. माल उतरवून घेताना काही मोडतोड झाल्याचे आढळल्यास त्वरित कळवावे. आपला आमच्यावरील विश्वास असाच राहावा, ही विनंती. एकही चूक नव्हती. कागद खाली ठेवून ते बायकोकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत एवढा वेळ त्यांनी तिच्याकडे बघितलं नसेल.

"एक सांगू?" ते म्हणाले. "आधी तू बोलायचीस तेव्हा बोट चालायचं, पण लक्ष नसायचं माझं. अर्धं कानामागेच जायचं. आता बघ, तुझं अक्षर न् अक्षर कळतं मला."

बाईने हो म्हणून मान हलवली. मग तिने उद्यासाठी त्यांचा कोट काढला आणि इस्त्री गरम करायला ठेवली.